जुन्या स्पोर्ट्स कारला रुंद टायर बसवावेत का? डहाणू-तलासरीच्या रस्त्यावर उतरण्याआधी हे समजून घ्या

इन्स्टाग्रामवर जुन्या गाड्यांचे रील पाहताना एक गोष्ट हटकून दिसते. साठ-सत्तरच्या दशकातली छोटी स्पोर्ट्स कार, चकचकीत रंग, आणि खाली फेंडर भरून काढणारी रुंद चाकं. गाडी एकदम दमदार दिसते. खालच्या कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो, "भाऊ, टायर साइज काय?"

साइज विचारण्याआधी विचारायचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. गाडी कशी वळेल? मुसळधार पावसात महामार्गावर तिची पकड राहील का? कायदा काय म्हणतो? आणि पन्नास वर्षांची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची झाली तर हा बदल आड येईल का?

उत्तर थोडक्यात असं : मूळ मापापेक्षा एक पायरी रुंद टायर, योग्य रिमवर आणि मूळ व्यासाच्या जवळ राहून बसवला, तर बहुतेक जुन्या गाड्यांना तो मानवतो. त्यापुढे गेलात की दिसण्यात जे मिळतं ते चालवण्यात जातं. पालघर जिल्ह्याच्या पावसाळ्यात तर जास्तच. आता हेच सविस्तर पाहू.

मुळात जुन्या गाड्यांचे टायर इतके अरुंद का होते?

१९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं टायर माप होतं ४.५०-१९. म्हणजे साडेचार इंच रुंदी आणि १९ इंची रिम. आजच्या काही मोटारसायकलींचे मागचे टायर याहून रुंद असतात. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेली प्रीमियर पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीला ५.२०-१४ मापाचे टायर असत.

तेव्हाचे टायर 'क्रॉस-प्लाय' बांधणीचे होते. त्यात आतल्या धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेद देतात. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत रेडियलने क्रॉस-प्लायची जागा घेतली. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वरून पट्टा असतो. त्यामुळे बाजूची भिंत लवचिक राहते आणि रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. पकड वाढते, टायर कमी झिजतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की जुन्या गाडीची पकड वाढवायची असेल तर रुंदी हा पहिला उपाय नाही. क्रॉस-प्लाय काढून त्याच मापाच्या जवळचा चांगला रेडियल बसवला तरी गाडीत मोठा फरक पडतो. फक्त एकाच अ‍ॅक्सलवर एक क्रॉस-प्लाय आणि एक रेडियल कधीही नको. पुढे-मागे वेगळे ठेवावेच लागले तर रेडियल मागे असावेत. नाहीतर वळणावर मागची बाजू आधी सुटते.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी जगभरात सगळ्यात जास्त हौसेने सांभाळल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारपैकी आहे. तिला रेडियलचं एक रूढ माप आहे १६५ आर १४. म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बांधणी रेडियल, रिम १४ इंची. जुन्या मापात तिरक्या रेषेनंतरचा आकडा नसेल, तर भिंतीची उंची रुंदीच्या साधारण ८२ टक्के धरतात.

१८५/७० आर १४ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ७० टक्के. या आकड्यांवरून पूर्ण टायरचा व्यास काढता येतो : भिंतीची उंची गुणिले दोन, अधिक रिमचा व्यास. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

- १६५ आर १४ : व्यास सुमारे ६२६ मिलिमीटर (मूळ)
- १८५/७० आर १४ : सुमारे ६१५ मिलिमीटर, म्हणजे मूळपेक्षा जवळपास २ टक्के कमी
- १९५/६० आर १४ : सुमारे ५९० मिलिमीटर, जवळपास ६ टक्के कमी
- १९५/६० आर १५ : सुमारे ६१५ मिलिमीटर, जवळपास २ टक्के कमी
- २०५/६० आर १५ : सुमारे ६२७ मिलिमीटर, जवळजवळ मूळइतकाच

व्यास बदलला की स्पीडोमीटर चुकतो. व्यास ६ टक्क्यांनी कमी असेल, तर काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ७५ च्या आसपास धावत असते. उलट टायर मोठा असेल तर गाडी काट्यापेक्षा जास्त वेगात असते, आणि हे जास्त धोक्याचं. गाडीची जमिनीपासूनची उंचीही बदलते. ६२६ वरून ५९० वर आलात तर गाडी १८ मिलिमीटर खाली बसते. आधीच बुटक्या असलेल्या गाडीचा सायलेन्सर गावातल्या गतिरोधकावर घासायला एवढं पुरतं.

वरच्या यादीतला शेवटचा पर्याय व्यासाने अचूक आहे, पण त्याची रुंदी मूळपेक्षा ४० मिलिमीटर जास्त आहे. व्यास जुळला म्हणजे टायर बसला असं होत नाही, ते असं.

रिमची रुंदी आणि ऑफसेट : खरी गडबड इथे होते

प्रत्येक टायरला किमान आणि कमाल रिमरुंदी ठरलेली असते. १८५/७० आर १४ साठी ती साधारण साडेचार ते सहा इंच आहे, १९५/६० आर १५ साठी साडेपाच ते सात इंच. जुन्या स्पोर्ट्स कारच्या मूळ रिम बहुतेकदा चार ते पाच इंच रुंद असतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर भिंती आत ओढल्या जातात, टायर फुग्यासारखा दिसतो, मधला भाग लवकर झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. म्हणजे रुंद टायर घेऊनही पकड मिळत नाहीच. टायरसोबत रिमही बदलावी लागते, आणि मग ऑफसेटचा प्रश्न येतो.

रिमचा जो सपाट भाग हबला चिकटतो, तो रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. तो मिलिमीटरमध्ये मोजतात. समजा मूळ रिम साडेचार इंची आहे आणि तुम्ही सहा इंची घेतली. फरक दीड इंचाचा, म्हणजे ३८ मिलिमीटरचा. ऑफसेट तोच असेल तर रिम दोन्ही बाजूंना १९-१९ मिलिमीटर वाढेल. ऑफसेट १० मिलिमीटरने कमी केला तर चाक बाहेर सरकेल : बाहेरच्या बाजूला २९ आणि आत फक्त ९.

आत वाढलं तर टायर स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर किंवा चासिसला घासण्याची भीती. बाहेर वाढलं तर फेंडरच्या कडेला. शिवाय चाक जितकं बाहेर, तितका व्हील बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण जास्त. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना हात भरून येतात आणि प्रत्येक खड्ड्याचा झटका थेट स्टिअरिंगवर येतो.

रिम घेताना आणखी तीन गोष्टी तपासा. एक, बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी. 'जवळपास जुळतंय' म्हणून ठोकून बसवलेली रिम धावताना सैल होते. दोन, मधलं भोक हबवर नीट बसतंय का. तीन, नटाची बैठक निमुळती आहे, गोल आहे की सपाट. चुकीचा नट वरून घट्ट वाटतो, पण त्याची पकड अर्धवट असते. स्पेसर लावून काम भागवलंत तर बोल्टाचे आटे नटात पुरेसे बसतात का ते मोजा.

तारांच्या चाकांचं, म्हणजे वायर व्हीलचं, गणित वेगळंच. बहुतेक जुन्या वायर व्हीलना आत ट्यूब लागते. रुंद, जास्त पकडीचा टायर वळणावर तारांवर जास्त जोर टाकतो. त्यामुळे तारा सैल होणं, तुटणं, रिम वेडीवाकडी होणं हे प्रकार वाढतात. जास्त तारांची मजबूत रिम घेतल्याशिवाय इथे रुंदी वाढवू नये.

रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, बरोबर?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : त्यावरचं वजन आणि आतल्या हवेचा दाब. चालकासह १००० किलोची गाडी धरा. प्रत्येक चाकावर अंदाजे २५० किलो येतात. हवा २४ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ किलो. भागाकार केला की जमिनीला टेकणारा ठसा येतो जवळपास १४८ चौरस सेंटिमीटर.

टायर रुंद केला, पण वजन आणि हवा तीच ठेवली, तर क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं. बदलतो तो आकार. १२ सेंटिमीटर रुंद ठसा १२ सेंटिमीटरच्या थोडा वर लांब असेल, तर १५ सेंटिमीटर रुंद ठसा जेमतेम १० सेंटिमीटर लांब. टायरच्या भिंतींच्या ताठपणामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे हलतात, पण दिशा हीच.

आखूड आणि रुंद ठशाचा कोरड्या रस्त्यावर फायदा होतो. वळताना टायर कमी पिळवटतो आणि स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देतो. म्हणूनच रेसिंगमध्ये रुंद टायर असतात. तोटे दोन. जुना अरुंद टायर सुटण्याआधी इशारा देतो, हळूहळू घसरायला लागतो. रुंद टायर शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि सुटला की एकदम सुटतो. दुसरा तोटा पाण्याचा, आणि तो आपल्या भागात सगळ्यात मोठा.

डहाणू-तलासरीचा पाऊस आणि पाण्यावर तरंगणारा टायर

मुंबईहून गुजरातकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, जुना क्रमांक ८, मनोर सोडल्यावर डहाणू तालुक्यातल्या चारोटीवरून तलासरीकडे आणि पुढे अच्छाडच्या सीमेकडे जातो. रात्रंदिवस अवजड वाहतूक. ट्रकच्या चाकांनी डांबर दबून जे लांबट खोलगट पट्टे पडतात, त्यात पावसात पाणी साचतं. अलीकडे या महामार्गावर काँक्रीटचा थर टाकण्याचं काम झालं, त्यामुळे जुना-नवा पृष्ठभाग, सांधे आणि उंचीतले फरकही वाट्याला येतात.

वेगात जाणाऱ्या टायरला समोरचं पाणी खाचांमधून बाजूला फेकावं लागतं. तेवढा वेळ मिळाला नाही, की टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. अशा क्षणी स्टिअरिंग हलकं होतं आणि ब्रेकचा उपयोग राहत नाही.

१९६० च्या दशकात नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर अभ्यास करून एक सोपं सूत्र मांडलं. पाणी खाचांच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. किलोमीटरमध्ये मांडलं तर वर्गमुळाच्या साधारण १६.७ पट :

- २२ पीएसआय : ताशी सुमारे ७८ किलोमीटर
- २४ पीएसआय : सुमारे ८२
- ३० पीएसआय : सुमारे ९१
- ३६ पीएसआय : सुमारे १००

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी १०० ठेवली आहे. म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही, साचलेल्या पाण्यात गाडी तरंगू शकते. जुन्या हलक्या स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा २०-२५ पीएसआय इतकीच भरतात, म्हणून तिचा धोक्याचा वेग आजच्या गाड्यांपेक्षा आधी येतो.

हॉर्न यांच्या सूत्रात रुंदी नाही. पण मोटारीच्या बाबतीत आखूड, रुंद ठसा पाणी बाजूला सारायला वाईट असतो : पाण्याला बाहेर पडायला जास्त अंतर आणि कमी वेळ. त्यात हलक्या गाडीला रुंद टायर लावून 'गाडी उड्या मारते' म्हणून हवा कमी केली, तर दोन्ही बाजूंनी नुकसान. पाण्यात अरुंद टायर सुरीसारखा जातो, रुंद टायर फळीसारखा.

त्यातून कोरड्या दिवसातही रुंद टायर खोलगट पट्ट्यांच्या मागे धावतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढलं जातं. बाजूला कंटेनर असताना हे जाणवलं की मजा संपते.

डहाणूहून घोलवड-बोर्डीकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर वेग कमी असतो. अशा निवांत रस्त्यासाठी ही गाडी अगदी योग्य आहे. पण तिथे मूळ मापाचा टायरच जास्त सुखाचा. उंच भिंतीचा टायर खड्डे गिळतो, रिम वाचवतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं, की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

निर्मात्याने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेलं माप सहसा वादात सापडत नाही. फेंडरबाहेर आलेली चाकं मात्र लांबूनही डोळ्यांत भरतात. कोणताही मोठा बदल करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला कारण ठरू शकतो.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक मुद्दा आहे. १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी-चारचाकी यात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५ हजार. अट अशी, की चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

आता विचार करा. टायर-रिम तासाभरात परत बदलता येतात. पण रुंद टायर बसावा म्हणून फेंडरची कड कापली किंवा ठोकून बाहेर काढली, तर तो बॉडीतला बदल झाला. तो पत्रा परत जोडला तरी मूळचा होत नाही. गाडीची किंमतही तिथेच घसरते. म्हणून नियम एकच ठेवा : जे उलटं फिरवता येत नाही, ते करू नका.

तरीही करायचंच असेल तर?

१. मूळ रिम आणि टायर विकू नका. कापडात गुंडाळून ठेवा. पुढेमागे गाडी विकताना किंवा व्हिंटेज नोंदणी करताना तेच कामी येतील.

२. एकच पायरी चढा. १६५ असेल तर १७५ किंवा १८५. व्यासातला फरक २-३ टक्क्यांच्या आत ठेवा.

३. आधी सस्पेन्शन, बुश, व्हील बेअरिंग आणि ब्रेक तपासून घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर रुंद टायर तो दोष वाढवतो. ब्रेक गरम होऊन सुटत असतील, तर टायर बदलून ते सुधारत नाहीत.

४. टायर बसवल्यावर जागा मोजा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मागे दोन माणसं बसवा, गाडी दाबून बघा. फेंडरच्या आतल्या कडेला मातीचा ओला गोळा चिकटवून हळू फेरी मारा. गोळ्यावर घासल्याची खूण दिसली तर टायर तिथे बसत नाही.

५. वजनक्षमतेचा आकडा मूळपेक्षा कमी नको. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०. वेगाचं अक्षरही पाहा : एस १८०, टी १९०, एच २१०.

६. तारीख वाचा. भिंतीवरचे शेवटचे चार आकडे '२३२४' असतील तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुनी गाडी कमी चालते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. खाचा भरपूर दिसतात, पण रबर कडक झालेलं असतं. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासा, दहा वर्षांनंतर बदला.

७. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा. पावसाळ्यासाठी त्या भरवशावर राहू नका. ३ मिलिमीटरच्या खाली गेलं की बदललेलं बरं.

८. स्टेपनी विसरू नका. नवा रुंद टायर डिकीतल्या जागेत मावतो का? मावत नसेल आणि जुनीच स्टेपनी ठेवली असेल, तर ती फक्त जवळच्या दुकानापर्यंत, हळू नेण्यापुरती. चारोटी ते तलासरीच्या पट्ट्यात रात्री पंक्चर झाल्यावर हा प्रश्न आठवून उपयोग नाही.

९. शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. मग शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

मग रुंद टायर घ्यावेत की नाही?

गाडी फक्त प्रदर्शनात, फोटोसाठी आणि हिवाळ्यातल्या सकाळच्या फेरीसाठी असेल, तर एक पायरी रुंद टायर हा वाजवी शौक आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तीच गाडी महामार्गावर काढायची असेल, तर मूळ मापाचा, नवा, चांगल्या खाचांचा रेडियल टायर घ्या, पुस्तिकेप्रमाणे हवा भरा आणि पाणी साचलेलं दिसलं की ताशी ६० च्या खाली या. रीलमध्ये हा टायर साधा दिसेल. पण बनवणाऱ्यांनी ही गाडी याच टायरवर तोलून काढली होती, आणि पावसात ती याच टायरवर सरळ चालते.